सेवियाला जाणारे एक वाक्य

माद्रिदच्या आतोचा स्टेशनावर कुणाच्याही तोंडून सहज ऐकू येईल अशा एका वाक्याभोवती पुढची प्रकरणे गुंफली आहेत: 'मान्याना मे वोय आ सेविया एन त्रेन.' उद्या मी ट्रेनने सेवियाला जातो. बोलणारी बाई असेल तर जाते. १९९२ साली या दोन शहरांमध्ये स्पेनमधला पहिला अतिवेगवान रेल्वेमार्ग सुरू झाला आणि आज हा प्रवास सुमारे अडीच तासांचा आहे, त्यामुळे हे वाक्य तिथे खरोखरच रोजच्या वापरातले आहे. त्यात अवघड काळ नाही, गौणवाक्य नाही, एकही भारदस्त शब्द नाही. प्रवाशांसाठीच्या कोणत्याही संभाषण-पुस्तिकेत ते सापडेल, आणि तिथे ते पाठ करून टाकायचे एवढीच अपेक्षा असते. पाठ केलेले वाक्य मात्र जागचे हलत नाही. उद्याऐवजी काल, मीऐवजी आम्ही, जातोऐवजी निघालो होतो असे काही म्हणायची वेळ आली की पुस्तिका मुकी होते. वाक्य हलवता येणे म्हणजेच व्याकरण येणे, आणि या सात शब्दांत स्पॅनिशच्या व्याकरणाचा बराच मोठा भाग दाटीने बसलेला आहे. माझे म्हणणे त्याच्या एक पाऊल पुढचे आहे. मराठी वाचकाने हे वाक्य इंग्रजीच्या मध्यस्थीने न घेता थेट मराठीच्या जवळ ठेवून पाहिले, तर त्यातल्या बहुतेक गोष्टी त्याला आधीपासून येत असलेल्या निघतात. इंग्रजीमार्गे आला, तर त्याच गोष्टी अपवाद, सूचना आणि 'लक्षात ठेवा'च्या चौकटी होऊन त्याच्यापुढे उभ्या राहतात.

आपल्याकडे स्पॅनिश शिकणारा विद्यार्थी बहुधा इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेली पुस्तके वापरतो. ती पुस्तके वाईट नाहीत; उलट त्यांतली काही फार निगुतीने लिहिलेली आहेत. पण त्यांनी कुठे थांबायचे आणि कुठे पुढे जायचे हे इंग्रजी बोलणाऱ्याच्या अडचणींवरून ठरवलेले असते. त्याला क्रियापदावरून कर्ता ओळखण्याची सवय नाही, म्हणून 'सर्वनाम गाळता येते' यावर दोन पाने खर्च होतात. त्याला त आणि ट यांत फरक करावा लागत नाही, म्हणून 'त्रेन' म्हणताना जीभ दातांना टेकवा असे त्याला आकृती काढून सांगावे लागते. मराठी माणूस ही पाने वाचतो आणि स्वतःला नसलेल्या दुखण्याचे औषध घेत बसतो. जिथे खरोखर त्याची गफलत होणार असते, तिथे ते पुस्तक गप्प असते, कारण इंग्रजी बोलणाऱ्याची तिथे गफलत होत नाही.

उच्चारापासूनच पाहू. स्पॅनिशमध्ये स्वर पाच: आ, ए, इ, ओ, उ. ते कुठेही ओढले जात नाहीत, शेवटाकडे वळत नाहीत. मराठीतला ए आणि ओ असाच सरळ आहे. इंग्रजी बोलणाऱ्याचा ओ मात्र तोंडातच उ-कडे सरकू लागतो आणि त्याला तो प्रयत्नाने थांबवावा लागतो. प, त, क हे स्पॅनिशमध्ये अल्पप्राण आहेत. इंग्रजीत शब्दाच्या आरंभी ते थोडी हवा सोडतात, आणि त्या हवेला मराठी कान फ, थ, ख यांच्या खाणाखुणा म्हणून ओळखतो. आपल्या वर्णमालेने हे दोन खण आधीच वेगळे ठेवले आहेत. 'वोय' या शब्दातला पहिला वर्ण तर आणखी मजेदार आहे. तो एकटा, वाक्याच्या आरंभी आला तर 'बोय' असा, ओठ मिटून उच्चारला जातो. 'मे'नंतर आला की ओठ सैल पडतात आणि तो आपल्या व-कडे झुकतो. लिखाणात एकच अक्षर, उच्चारात शेजाऱ्यांवर अवलंबून असलेली दोन रूपे. या पुस्तकात स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिताना हाच नियम पाळला आहे, म्हणून एकच शब्द कुठे ब-ने तर कुठे व-ने लिहिलेला दिसेल.

आता 'वोय'. या शब्दात 'मी' आहे. तो जातो याला 'वा', तू जातोस याला 'वास', आम्ही जातो याला 'वामोस'. त्यामुळे 'मी'साठी वेगळा शब्द असूनही वाक्यात त्याची गरज पडत नाही, आणि तो घातला तर 'इतर कुणी नाही, मीच' असा जोर येतो. मराठीत हे अगदी असेच घडते. 'उद्या सेवियाला जातो' एवढे म्हटले तरी ऐकणाऱ्याला पुरते, आणि 'मी जातो' म्हटले की इतरांपासून वेगळेपण येते. फरक आहे तो वेगळ्या जागी. मराठीतले 'जातो' हे मी आणि तो या दोघांनाही चालते, पण बोलणारा पुरुष आहे हे सांगून टाकते. स्पॅनिशमधले 'वोय' फक्त मीसाठीच राखलेले आहे, पण बोलणारी स्त्री की पुरुष याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. म्हणजे दोन्ही भाषा क्रियापदाच्या शेवटावर माहिती लादतात. कोणती माहिती लादायची याची निवड निराळी आहे. मराठी विद्यार्थ्याला शिकवायचे आहे ते हे, सर्वनाम गाळता येते हे नव्हे.

याच क्रियापदाचे पुढचे रूप पाहिले की इंग्रजीमार्गे आलेला विद्यार्थी सहसा हताश होतो. मूळ रूप 'ईर', वर्तमानात 'वोय', जात असे या अर्थाने 'इवा', आणि गेलो या अर्थाने 'फुइ'. तीन रूपांचे एकमेकांशी काही नाते दिसत नाही, कारण ते नाहीच: 'ईर' आणि 'इवा' लॅटिनमधल्या एका धातूपासून आले, 'वोय' दुसऱ्या, आणि 'फुइ' तर 'असणे' या अर्थाच्या तिसऱ्याच धातूकडून. त्यामुळे 'फुइ' म्हणजे मी गेलो आणि 'फुइ' म्हणजे मी होतो. कुठला अर्थ घ्यायचा ते पुढे 'आ सेविया' आहे की एखादा हुद्दा आहे यावरून कळते. पुस्तके याला अनियमित म्हणतात. पण 'जातो' आणि 'गेलो' यांच्यात कोणता वर्ण सारखा आहे? 'जातो' हे संस्कृतातल्या 'या' धातूचे वंशज, 'गेलो' हे 'गम्'पासूनच्या 'गत'चे. इंग्रजीतही जाण्याच्या क्रियापदाची अशीच गत झाली आहे. जी क्रियापदे माणसे दिवसातून शंभरदा वापरतात ती नियमांच्या हाती लागत नाहीत, कारण मूल त्यांची रूपे नियम कळण्यापूर्वीच उचलते. क्वचित वापरली जाणारी क्रियापदे मात्र हळूहळू साच्यात बसवली जातात. म्हणून 'आब्लार', 'कोमेर', 'बिविर' या तीन आज्ञाधारक क्रियापदांचे तक्ते देऊन स्पॅनिशची सुरुवात करायची आणि जाणे, येणे, असणे, करणे यांना अपवादांच्या प्रकरणात ढकलायचे, ही प्रथा मला उलटी वाटते. रोजचे वाक्य बोलायला निघाले की पहिल्याच शब्दाला अपवाद भेटतो.

'मे'बद्दल थोडे थांबले पाहिजे, कारण इथे इंग्रजी चष्म्याने सर्वांत जास्त धूसर दिसते. 'बोय आ सेविया' हे पूर्ण आणि शुद्ध वाक्य आहे. मग 'मे' कशाला? पुस्तके 'मे'ला स्ववाचक सर्वनाम म्हणतात आणि 'मी स्वतःला धुतो', 'मी स्वतःला आरशात पाहतो' अशा वाक्यांच्या शेजारी 'मे वोय' बसवतात. पण स्वतःला जाणे याचा काहीच अर्थ होत नाही, आणि विद्यार्थी ते न समजता पाठ करतो. प्रत्यक्षात 'मे' लागले की वाक्याचा रोख मुक्कामावरून सुटण्यावर जातो: इथून निघतो आहे, हे ठिकाण सोडतो आहे. म्हणूनच नुसते 'मे वोय' म्हणून माणूस बैठकीतून उठू शकतो. मराठीत हे काम क्रियापदाला दुसरे क्रियापद जोडून होते. तो गेला आणि तो निघून गेला. त्याने भाकरी खाल्ली आणि त्याने भाकरी खाऊन टाकली. तो झोपला आणि तो झोपून गेला. स्पॅनिशमध्ये यातल्या प्रत्येक जोडीतला दुसरा अर्थ 'मे', 'ते', 'से' या छोट्या शब्दांनी येतो: 'कोमेर' म्हणजे खाणे, 'कोमेर्से' म्हणजे सगळे खाऊन टाकणे, 'दोर्मिर' म्हणजे झोपणे, 'दोर्मिर्से' म्हणजे डोळा लागणे. जोड तंतोतंत नाही, पण विद्यार्थ्याला ज्या छटेची जाणीव हवी ती त्याच्या जिभेवर आहे. 'खाल्ले' आणि 'खाऊन टाकले' यांत फरक काय, असे मराठी मुलाला विचारावे लागत नाही.

तीच गोष्ट 'आ'ची. 'आ सेविया' म्हणजे सेवियाला. स्पॅनिश आपले चिन्ह नामाच्या आधी ठेवते, मराठी नंतर जोडते, एवढाच वरवरचा फरक. पण स्पॅनिश 'आ' इथेच थांबत नाही. आनाला तिकीट देतो, यातल्या 'आनाला'साठी 'आ आना'. आनाला पाहतो, यासाठीही 'आ आना'. ट्रेन पाहतो म्हणताना मात्र 'आ' नाही. माणूस कर्म असेल तर 'आ' लावायचा आणि वस्तू असेल तर लावायचा नाही, या नियमाला इंग्रजी पुस्तकांत वेगळे नाव, वेगळे प्रकरण आणि सरावाचे भरपूर प्रश्न असतात. मराठी विद्यार्थी 'मी आनाला पाहतो' आणि 'मी ट्रेन पाहतो' हे आयुष्यभर बोलत आला आहे. शाळेत त्याने विभक्तीचा तक्ता पाठ केला तेव्हा द्वितीयेतही 'ला' होता आणि चतुर्थीतही 'ला' होता. संस्कृतच्या तक्त्यात मराठी बसवताना झालेली ती अडचण होती, पण मराठीचे वागणे तिने बरोबर दाखवले. सेवियात वाटाड्या हवा असेल तर स्पॅनिशमध्ये 'बुस्को उन गिआ' म्हणतात, म्हणजे मी गाईड शोधतोय, कुणीही चालेल. 'बुस्को आ उन गिआ' म्हटले की मी एका गाईडला शोधतोय, ठरलेला, गर्दीत हरवलेला. 'गाईड शोधतोय' आणि 'एका गाईडला शोधतोय' यांत मराठी हाच भेद करते, त्याच खुणेने. इतकी बारीक बाब, जी इंग्रजीतून शिकणाऱ्याला बऱ्याच उशिरा आणि कष्टाने साधते, मराठीत आपोआप साधलेली आहे. आवडण्याचेही तेच. 'मे गुस्ता एल त्रेन' म्हणजे मला ट्रेन आवडते, 'मे गुस्तान लोस त्रेनेस' म्हणजे मला ट्रेन्स आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूकडे पाहून बदलते, 'मला'कडे पाहून नव्हे. 'हे वाक्य उलटे आहे' अशी इंग्रजी पुस्तकांतली सूचना मराठीत निरर्थक ठरते.

भविष्याची तीन वाक्ये एकाखाली एक लिहून पाहा. 'मे वोय', उद्या जातो. 'मे वोय आ ईर', उद्या जाणार आहे. 'मे इरे', उद्या जाईन. पहिल्यात वर्तमानकाळाचे रूप भविष्याचे काम करते, दुसऱ्यात दोन क्रियापदे मिळून, तिसऱ्यात एकच प्रत्ययान्त रूप. मराठीत तिन्ही जागा आहेत. तिसऱ्या रूपाचा इतिहास पाचशे वर्षांपूर्वीच लक्षात आला होता: आंतोनियो दे नेब्रिखा याने 'इरे'सारखी रूपे म्हणजे मूळ क्रियापदाला 'आबेर' या सहायक क्रियापदाचे रूप चिकटून झालेली आहेत हे ओळखले. जुन्या स्पॅनिशमध्ये या दोन भागांच्या मध्ये सर्वनाम शिरू शकत असे, म्हणजे सांधा अजून ओला होता. आणि याच भविष्यरूपाने स्पॅनिश अंदाजही बांधते. 'एस्तारा एन कासा' म्हणजे तो घरी असेल. उद्याचे नव्हे, आत्ताचे. तीन वाजले असतील, गाडी आली असेल, असे आपण बसल्याजागी म्हणतो तेव्हा भविष्याचे रूप वापरून वर्तमानाविषयी तर्क करत असतो, आणि हे आपल्याला कधी चमत्कारिक वाटलेले नाही.

इथवर वाचून एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो मी माझ्या बाजूच्याच माणसांकडून घेतो. नेब्रिखाचे नाव आले आहे. सेविया प्रांतातल्या लेब्रिखा गावचा हा विद्वान, आणि १४९२ साली सालामांका येथे छापलेले त्याचे व्याकरण इसाबेल राणीला अर्पण केलेले होते. कास्तिलियन भाषेला स्वतःचे व्याकरण आहे हे त्याने लॅटिनच्या मान्यवरांसमोर मांडले, तरी त्याची मांडणी लॅटिनच्या चौकटीतूनच आली होती. पुढे स्पॅनिश राजअकादमी १७१३ साली स्थापन झाली, तिचे पहिले व्याकरण १७७१ साली निघाले, आणि लॅटिनची छाया राहिली ती राहिलीच. ती झटकून टाकण्याचे मोठे काम काराकासमध्ये जन्मलेल्या आंद्रेस बेयो याने केले. त्याचे व्याकरण १८४७ साली चिलीत प्रसिद्ध झाले आणि ते अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी लिहिल्याचे त्याने शीर्षकातच सांगितले. लॅटिनमध्ये विभक्ती आहेत म्हणून स्पॅनिश नामांनाही विभक्तीच्या रांगेत उभे करणे त्याला मान्य नव्हते. प्रत्येक भाषा तिच्या स्वतःच्या रचनेवरून वर्णावी, हा त्याचा आग्रह. मग लॅटिनचा गज चुकीचा होता तर मराठीचा गज बरोबर कसा? आपल्या भागात तर याचा उलटा इतिहासही आहे. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमधून लिहिलेले होते आणि ते १६४० साली साष्टीतल्या राशोल येथे छापले गेले. तिकडच्या व्याकरणाची चौकट इकडच्या भाषेवर बसवण्याचे ते आरंभीचे उदाहरण. संस्कृतच्या आठ विभक्तींत मराठी कोंबण्याबद्दल आपले व्याकरणकारही दादोबा पांडुरंगांपासून मोरो केशव दामल्यांपर्यंत झुंजत आले. इतके सगळे माहीत असताना पुन्हा तेच का करायचे?

आक्षेप खरा आहे, पण तो वेगळ्या कामावर आहे. बेयो भाषेचे वर्णन करत होता. वर्णन करताना परकी चौकट आणली की नसलेल्या वस्तू दिसू लागतात आणि असलेल्या दिसेनाशा होतात. शिकणारा माणूस मात्र वर्णन करायला बसलेला नसतो. त्याच्या डोक्यात एक भाषा आधीच पूर्ण वाढलेली असते आणि दुसरी तिच्या शेजारी उभी राहत असते. तो तुलना करणारच. पुस्तकाने सांगितली नाही तर मनात करेल. प्रश्न फक्त कोणत्या भाषेशी करेल एवढाच. आज तो इंग्रजीशी करतो, आणि इंग्रजी त्याची दुसरी किंवा तिसरी भाषा असल्यामुळे ती तुलनाही अर्धवटच होते. मराठीशी केलेली तुलना जिथे जुळत नाही तिथेही उपयोगी पडते, कारण न जुळणारी जागा त्याला स्वतःच्या कानाने ओळखता येते. नेब्रिखालाही हे जाणवले असावे असे मला वाटते: त्याच्या पाच भागांच्या व्याकरणातला शेवटचा भाग परभाषक शिकणाऱ्यांसाठी निराळा काढलेला आहे. जन्मभाषा म्हणून बोलणाऱ्याला लागणारे व्याकरण आणि बाहेरून येणाऱ्याला लागणारे व्याकरण एकच नसते, हे त्याने पुस्तकाच्या रचनेतच मान्य केले होते.

दुसरा आक्षेप असा की हे सारखेपण योगायोगाचे आहे. लॅटिनमध्ये माणसासाठी खास 'आ' नव्हता, संस्कृतमध्ये 'ला' नव्हता. दोन्ही भाषांनी या सवयी आपापल्या वाटेने, एकमेकींची गाठ न पडता लावून घेतल्या. हे मला मान्य आहे, आणि दोन्ही भाषा एका दूरच्या कुळातल्या आहेत एवढ्यावरून काही सिद्ध करण्याचा मोहही मला नाही. पण योगायोग म्हणून तो निर्हेतुक ठरत नाही. कर्ता बहुतेक वेळा माणूस असतो. कर्मही माणूसच असले की कोण कोणाला पाहते आहे याचा घोळ होऊ शकतो, आणि ज्या भाषांत शब्दांचा क्रम सैल आहे तिथे तो अधिक. मग त्या भाषा मानवी कर्मावर खूण करतात. हिंदीत 'को' आहे, रोमानियनमध्येही अशीच खूण आहे. इंग्रजीने शब्दांचा क्रम घट्ट बांधून घेतला, म्हणून तिला खुणेची गरज उरली नाही. स्पॅनिश आणि मराठी यांच्यापुढे प्रश्न सारखा होता आणि उत्तरही सारखे निघाले. शिकणाऱ्याच्या दृष्टीने नात्यापेक्षा हे अधिक मोलाचे आहे.

इंग्रजीच्या बाजूने जे खरे आहे ते मात्र मोकळेपणाने सांगितले पाहिजे. शब्दसंग्रहात इंग्रजीला तोड नाही. लॅटिनमधून आलेले हजारो शब्द दोघींत सामाईक आहेत. स्टेशनला 'एस्तासिओन', युनिव्हर्सिटीला 'उनिवेर्सिदाद' हे इंग्रजी येणाऱ्याला सांगावे लागत नाही. पोर्तुगीजांच्या हातून मराठीत आलेले पाव, पगार हे शब्द स्पॅनिश 'पान', 'पागा' यांचे भाऊबंद आहेत खरे, पण त्यांची शिदोरी फार दूर पुरत नाही. आणि व्याकरणातही एकदोन ठिकाणी इंग्रजीच सरस ठरते. माझ्याकडे तिकीट आहे, या वाक्यात मराठी 'असणे' वापरते. स्पॅनिश 'तेंगो उन बियेते' म्हणते, त्यात 'तेंगो'चा कर्ता मी आहे आणि तिकीट माझे कर्म, अगदी इंग्रजीसारखे. मराठीला स्वामित्वाचे असे क्रियापदच नाही. भूतकाळात तर मराठी विद्यार्थ्याची हमखास फसगत होते. मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, यांत क्रियापद आंब्याशी आणि भाकरीशी बांधलेले आहे. स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे 'कोमी', मी खाल्ले, कर्म काहीही असो. इथे इंग्रजी भाषकांसाठीचे पुस्तक अवाक्षर काढणार नाही, कारण त्याच्या वाचकाला ही अडचण नाही. म्हणून या पुस्तकात त्याला सर्वांत मोठे प्रकरण दिले आहे.

फसव्या जागा आणखीही आहेत. 'एन त्रेन'मधल्या 'एन'चा पहिला अर्थ आत, मध्ये असा आहे. मराठीने तिथे 'ने' वापरला. आपला 'ने' तीन ठिकाणी फुटतो: वाहन असेल तर 'एन', सुरीसारखे साधन असेल तर 'कोन', आणि कर्मणी वाक्यात काम करणारा असेल तर 'पोर'. सुरीने कापले आणि ट्रेनने गेलो, यांतला 'ने' एकच समजून चालणारा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात अडखळणार. पायी जाण्याला मात्र 'आ पिए', आणि तिथे मराठीनेही 'पायाने' न म्हणता जुने सप्तमीचे रूप जपले आहे. 'जातोय'चाही धोका आहे. उद्या जातोय हे आपण सर्रास म्हणतो, आणि त्याचे शब्दशः रूप 'एस्तोय येंदो' स्पॅनिशमध्ये उद्याच्या बेतासाठी बसत नाही. तिथे साधे 'वोय'च हवे. कुणी आतून हाक मारली तर आपण 'आलो' म्हणतो, स्पॅनिश माणूस 'या वोय' म्हणतो, म्हणजे शब्दशः जातो. मराठी ऐकणाऱ्याच्या ठिकाणाला मध्य मानू शकते, स्पॅनिश बोलणाऱ्याचे ठिकाण सोडत नाही. आणि 'आहे' या एका शब्दासाठी स्पॅनिशकडे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत. सेविया सुंदर आहे, इथे एक. गाडी सेवियात आहे, गाडी भरलेली आहे, इथे दुसरे. यासाठी मराठीत आधार नाही, इंग्रजीतही नाही. हे नव्यानेच शिकावे लागते, आणि सात शब्दांच्या वाक्यात ते येतही नाही. एका वाक्यावर सगळे व्याकरण उभे करता येईल असा दावा मी करत नाही. ते वाक्य एका वेळी एका जागी बदलत गेले, की सांगाड्याचा बराच भाग उघडा होतो, आणि उरलेल्या भागासाठी वाक्य लांबवावे लागते, इतकेच.

लांबवण्याचा सर्वांत फलदायी प्रकार इच्छेचा. 'किएरो के ते वायास आ सेविया': तू सेवियाला जावेस अशी माझी इच्छा आहे. या 'वायास'साठी इंग्रजी पुस्तके जे पारिभाषिक नाव देतात त्याचीच विद्यार्थी धास्ती घेतात, कारण इंग्रजीत ते रूप जवळजवळ मेलेले आहे आणि ज्याचा अनुभव नाही त्याची व्याख्या कितीही वाचली तरी अंगी लागत नाही. मराठीत विध्यर्थ जिवंत आहे. तो यावा, तू जावेस, पाऊस पडावा, हे घडलेले नाही, घडेल असेही सांगितलेले नाही; घडणे कुणाच्या तरी मनात आहे. स्पॅनिशचे हे रूप नेमक्या याच जागेवर उभे आहे: इच्छा, विनंती, शंका, आशा. 'तो येईल' आणि 'तो यावा' यांतला फरक ज्याला कळतो त्याला अर्धे अंतर काटलेले मिळते. उरलेले अर्धे मात्र चालावे लागते. सेवियाला पोचलास की फोन कर, यात मराठी भूतकाळाचे रूप वापरते, कारण पोचणे हे फोनच्या आधी घडून गेलेले असेल. स्पॅनिश तिथे 'कुआंदो येगेस आ सेविया' म्हणते, तेच इच्छार्थी रूप, कारण पोचणे अजून घडलेले नाही. एकाच प्रसंगाकडे एक भाषा शेवटाकडून पाहते, दुसरी सुरुवातीकडून.

तू की तुम्ही, हा निर्णय मराठी माणूस दिवसभर घेत असतो, म्हणून त्याला 'तू' आणि 'उस्तेद' यांचा भेद समजावण्यात वेळ घालवलेला नाही. 'उस्तेद' हा 'कृपावंत' अशा अर्थाच्या जुन्या दरबारी संबोधनाचा झिजलेला अवशेष आहे आणि त्याच्यापुढे क्रियापद तृतीय पुरुषी येते, जसे समोरच्यालाच 'साहेब उद्या निघणार का?' असे विचारावे. पुढची प्रकरणे मुख्यतः स्पेनमधल्या बोलीवर आधारलेली आहेत, कारण वाक्य तिथले आहे. स्पॅनिश बोलणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग अमेरिकेत राहतो, हे लक्षात घेऊन तिकडची वेगळी रूपे प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिली आहेत. मेक्सिकोत किंवा कोलंबियात अनेकांना एकाच वेळी संबोधताना मित्र असोत की परके, 'उस्तेदेस' एकच चालते आणि स्पेनमधले 'ओस वाइस' हे रूप ऐकूच येत नाही. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' आहे, आणि तिथे आपले जाण्याचे क्रियापद पुन्हा एकदा परक्या घरी जाते. 'जा' अशी आज्ञा करायला स्पेनमध्ये 'बे' म्हणतात, निघून जा म्हणायला 'बेते'. पण 'ईर'ला 'बोस'च्या आज्ञार्थाचे रूपच नाही. म्हणून बुएनोस आइरेसमध्ये चालणे या अर्थाच्या 'आंदार' क्रियापदाचे 'आंदा' हे रूप उसने घेतात, आणि तीन धातूंनी भागत आलेल्या त्या क्रियापदाला तिथे चौथा येऊन मिळतो.